‘काल आले आहेत’
(मालवण येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावी जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हा त्यात इंग्रजी आणि मराठी असे दोन स्तंभ शेजारीशेजारी छापले जात; म्हणजे एकच मजकूर दोन भाषांत मांडताना क्रियापदाच्या काळाचे काय करावे, हा आजचा विषय याच मुलखातील एका विद्वानाच्या मेजावर तेव्हाच येऊन पडला असला पाहिजे.

गणेशचतुर्थीच्या सुमारास कोणत्याही घरी ऐकू येणारे ‘आमचे चाकरमानी काल आले आहेत’ हे वाक्य मराठीत सर्वस्वी निर्दोष आहे, आणि म्हणूनच आपला विद्यार्थी निःशंकपणे ‘दे हॅव कम यस्टरडे’ असे लिहून गुण गमावतो. मराठीतील ‘आहे’ कृतीच्या परिणामाकडे पाहते. मंडळी घरात हजर आहेत एवढे खरे असले की ‘काल’ या शब्दाला तेथे मज्जाव नाही. इंग्रजीतील ‘हॅव’ मात्र मुदतीकडे पाहते: ज्या कालखंडाविषयी आपण बोलतो तो बोलण्याच्या क्षणापर्यंत चालू असला पाहिजे, आणि ‘काल’, ‘गेल्या शिमग्याला’, ‘१६६४ साली’ असा उल्लेख झाला की ती मुदत संपली, मग परिणाम डोळ्यांसमोर उभा असला तरीही ‘केम’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

हे आपल्या किल्ल्यावरून फार स्पष्ट दिसते. कुरटे बेटाकडे बोट दाखवून ‘हा किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला आहे’ असे आपण म्हणतो, कारण तट अद्याप लाटा झेलतो आहे. परंतु १६६४ साली ज्याचे काम सुरू झाले त्या सिंधुदुर्गाविषयी इंग्रज ‘शिवाजी बिल्ट इट’ एवढेच म्हणेल, कारण बांधणाऱ्याचा काळ सरला. त्याच किल्ल्याविषयी ‘साडेतीनशेहून अधिक वर्षे तो समुद्रात उभा आहे’ असे म्हणताना आपण साधा वर्तमानकाळ योजतो, तर इंग्रजीला तेथे ‘हॅज स्टूड’ हवे असते. ‘मी दहा वर्षे मालवणात राहतो’ याचेही तसेच: वक्ता अजून येथेच असल्याने इंग्रजीत ‘आय हॅव लिव्ड’; बिऱ्हाड हलविले असेल तर मराठीत ‘राहिलो’ आणि इंग्रजीत ‘आय लिव्ड’. एस.टी. वळणावर दिसताच ‘गाडी इली!’ म्हणून जो गलका होतो, त्यातील भूतकाळाला तर इंग्रजीत थाराच नाही.

या गोंधळाचा बराचसा दोष ‘पूर्ण वर्तमानकाळ’ या शालेय नावाकडे जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. कृती तर साध्या भूतकाळातही पूर्णच असते, मग त्या नावावरून मुलाने काय ओळखावे? पाणिनीने आजचा आणि आजच्या पूर्वीचा भूतकाळ यांत भेद करून ‘अनद्यतन’ भूतकाळासाठी लङ् हा लकार सांगितला. त्याने सीमा दिवसावर आखली. इंग्रजीची सीमा वक्त्याबरोबर सरकते: ‘आज सकाळी’ हे शब्द सकाळीच उच्चारले तर ‘आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग’ शोभते, तेच संध्याकाळी उच्चारले तर ‘आय सॉ हिम’. अमेरिकेतील लोक ‘आय जस्ट एट’ असे सर्रास म्हणतात हे खरे. पण ‘यस्टरडे’च्या सोबतीला ‘हॅव’ त्यांनाही रुचत नाही. उलट बोलीतील फ्रेंचमध्ये ‘हॅव’सारख्या साहाय्यक क्रियापदाच्या रूपानेच साध्या भूतकाळाला पदच्युत केले आहे.

येथे उपस्थित असलेल्या शिक्षकबंधुभगिनींना माझी एकच विनंती आहे. सुटी वाक्ये देऊन रिकाम्या जागा भरून घेण्याऐवजी वर्तमानपत्रातील बातमीची पहिली दोन वाक्ये फळ्यावर लिहावीत: ‘द गव्हर्नमेंट हॅज सँक्शन्ड अ न्यू जेट्टी. इट टुक द डिसिजन ऑन मंडे.’ पहिले वाक्य नवी वार्ता देते, दुसरे तिची तारीख सांगते, आणि तारीख येताच क्रियापद बदलते. मग मुलांना प्रत्येक वाक्याला ‘केव्हा?’ असे विचारायला लावावे. उत्तर वाक्यात लिहिलेले असेल, किंवा बोलणारा व ऐकणारा या दोघांच्याही मनात ठरलेले असेल, तर ‘हॅव’ खोडावे.