छर्रे मोजून बसवा

पाऊस उघडला की सायकली कुरकुरायला लागतात. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या खऱ्या, पण चाक डुगडुगू लागलं की सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकते आणि पोर पुन्हा पायी. चार-पाच किलोमीटर रोज पायी, मग खाडे, मग शाळाच सुटते. म्हणून आज चाकाच्या हबमधल्या छऱ्यांविषयी बोलू.

आपल्या साध्या सायकलीच्या मागच्या चाकात दोन्ही बाजूंना पाव इंची छर्रे असतात, बहुधा 9-9. पुढच्यात 3/16 इंची, बहुधा 10-10. आत कप, बाहेरून कोन, आणि मध्ये हे छर्रे लोळतात.

मिस्त्रींमध्ये यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, हबच्या भोकातून दर आठवड्याला तेल सोडा, उघडायची गरजच नाही. दुसरा म्हणतो, वर्षातून एकदा उघडा, रॉकेलने धुवा, ग्रीस भरा. तेल सोपं खरं, पण ते ओघळतं आणि त्यावर धूळ बसते. ग्रीस जागेवर राहतं, पाणीही अडवतं. आपल्या चिखलाच्या रस्त्यांना मला तरी ग्रीसच बरं वाटतं.

दुसरा वाद सुट्या छऱ्यांचा आणि जाळीच्या छऱ्यांचा. जाळीत छर्रे गुंफलेले असतात, घरंगळत नाहीत, बसवायला दोन मिनिटं. पण त्यात छर्रे कमी, म्हणजे एकेकावर भार जास्त. आणि जाळी उलटी बसली तर पत्रा घासतो. सुटे बसवताना कपात आधी ग्रीस लावा, त्यात ते चिकटून राहतात. खाली परात ठेवा! कप गच्च भरू नका. छऱ्यांना हलायला थोडी फट हवी, नाहीतर ते एकमेकांवर घासतात. बदलायचे तर सगळे एकदम बदला. जुना झिजलेला बारीक असतो, मग सगळा भार नव्यावर येतो. कोनवर खड्डे पडले असतील तर कोनही नवा घ्या. नुसते छर्रे बदलून ती कुरकुर थांबत नाही.

खरं कसब कसण्यात आहे. कोन हाताने टेकवा आणि किंचित मागे घ्या. मग पातळ पान्याने कोन धरून ठेवा आणि वरची चकनट आवळा, कारण ती आवळताना कोन थोडा आत सरकतो. आता चाक उचलून हलकेच फिरवा. व्हॉल्व्हची जड बाजू आपोआप खाली येऊन थांबली तर ठीक. मध्येच अडलं तर जास्त कसलंय. रिम धरून आडवी हलवा. खडखडली तर ढिलं आहे.

पातळ पान्यांची एक जोडी सगळ्या गटाला पुरते. पहिल्यांदा उघडणार असाल तर पुढचं चाक घ्या. मागच्याला चेन आणि फ्रीव्हील असतं, त्याचा खटाटोप वेगळा. ते पुढच्या भागात.