मामू, मला डॉक्टर व्हायचंय

आमच्या पडघ्यात परवा भाची म्हणाली, "मामू, मला डॉक्टर व्हायचंय." मी नेहमीचा हिशेब मांडला. साडेपाच वर्षं एमबीबीएस, पुढे तीन वर्षं एमडी, रात्रपाळ्या. आणि रुग्ण दगावला, तर नातेवाइकांचा मारही.

बोलताबोलता मलाच आनंदीबाई जोशी आठवल्या. इथून जवळच्याच कल्याणातल्या, १८६५ साली जन्मलेल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. १८८३ साली बंगालातल्या सेरामपूरला भरसभेत त्यांनी अमेरिकेला जाण्याचं कारण सांगितलं: हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टर हव्यात. लोकनिंदा, थंडी, दुखणी सोसून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बाविशी गाठण्याआधी, वारल्या. रुग्णसेवा करायची राहूनच गेली. हिशेबानं पाहिलं तर सगळा तोटाच.

हे ऐकून भाची म्हणाली, "नानीनं छातीतली गाठ सहा महिने लपवली. डॉक्टर पुरुष होता म्हणून ना?"

नानी म्हणजे माझी आई. ती त्याच दुखण्यात गेली. मी हिशेबाचा कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, "बेटा, अर्ज कधी भरायचा?"