अंगणातील चीड

वृक्षारोपण म्हटले की प्रथम रोप मनात येते, जागा मागाहून शोधली जाते. हिमालयातील चीड या पाइन वृक्षाच्या बाबतीत हा क्रम उलटा असावा लागतो.

संस्कृतात 'सरल' म्हणून ओळखला जाणारा हा वृक्ष गढवाल, कुमाऊँ व हिमाचल प्रदेशात सुमारे 500 ते 2,000 मीटर उंचीच्या उतारांवर आपोआप वाढतो. (आपल्या किनाऱ्यावरील सुरूला काहीजण पाइन समजतात, पण तो निराळ्या कुळातील. त्याच्या 'सुया' पाने नसून सांधेदार डहाळ्या होत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक डहाळी ओढावयास सांगावी, ती सांध्यावर सुटते. चिडाच्या सुया मात्र खरी पाने असून तीनतीनच्या जुडग्यात येतात.)

उथळ, खडकाळ माती आणि दक्षिणेकडील तापलेला उतार चीड सोसतो. दाट सावली व साचलेले पाणी सोसत नाही. पाइनच्या मुळांशी एका बुरशीचे सख्य असते. ती मुळांना पाणी व स्फुरद मिळवून देते. नव्या जागी ती नसल्यास रोप पिवळे पडून खुरटते. जुन्या चिडाखालची थोडी माती रोपवाटिकेच्या मातीत मिसळली की काम भागते. पिशवीत मुळांची वेटोळी होण्यापूर्वी, पावसाळ्याच्या आरंभी, रोप जमिनीत जावे.

लावणी एवढी सोपी आहे. खरा प्रश्न पुढचा. उन्हाळ्यात चिडाच्या सुयांचा थर जमिनीवर साचतो. तिकडे त्यांना 'पिरूल' म्हणतात. राळयुक्त असल्याने त्या ठिणगीसरशी पेटतात. उत्तराखंडात 2016 व 2024 साली मोठे वणवे भडकले. जाड सालीमुळे वाढलेला चीड आगीतून बहुधा वाचतो. त्याखालचा गोठा व गवताची गंजी वाचत नाही. म्हणून सुया छपरावर पडतील इतक्या जवळ तो लावू नये. वाढलेल्या झाडाच्या उंचीइतके अंतर राखणे बरे. घरालगत, उंची व ओलावा अनुकूल असल्यास, तिकडचा ओक म्हणजे बांज लावावा. त्याचा पाला गुरांनाही चालतो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत तेथे वणव्याचा हंगाम धरला जातो. त्या काळात अंगण व छप्पर वरचेवर झाडावे लागते. गोळा केलेल्या सुया गोठ्यात अंथरल्या, की पुढे खतात जातात. हे काम बहुधा घरातील स्त्रियांच्याच वाट्यास येते; तेव्हा चीड कोठे लावावा, हे प्रथम त्यांना विचारावे.