बोट्स्वानाला मिळालेली तांत्रिक मदत
राष्ट्रीय एचआयव्ही प्रतिबंध कार्यक्रमांना मिळणाऱ्या तांत्रिक मदतीत प्रशिक्षण, प्रयोगशाळा, नोंदपद्धती आणि तज्ज्ञांचा सल्ला येतो. बोट्स्वानाची हार्वर्ड विद्यापीठाशी १९९६मध्ये संशोधन भागीदारी झाली. पुढे स्थानिक डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण मिळाले. आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्याचा कार्यक्रम १९९९मध्ये सुरू झाला, पण सुरुवातीला चाचणी करून घेणाऱ्या गर्भवती कमीच. २००४पासून दवाखान्यातल्या नेहमीच्या तपासण्यांबरोबर हीही चाचणी होऊ लागली. नकाराची मुभा मात्र राहिली. हा साधा बदल फार उपयोगी ठरला. सल्ला बाहेरचा असला, तरी धोरणाची सूत्रे सरकारच्याच हाती राहिली, हे विशेष. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्याच्या कामासाठी बोट्स्वानाला रौप्य दर्जा दिला. एचआयव्हीचे प्रमाण जास्त असलेल्या देशांत तो मिळवणारा हा पहिलाच देश.