अंगठी हरवलेला मांत्रिक



आज मी तुम्हांला एका मांत्रिकाची ओळख करून देणार आहे. मांत्रिक म्हटल्याबरोबर दचकण्याचे कारण नाही. हा आपल्या पंचक्रोशीतला नव्हे, कागदावरचा आहे. त्याचे नाव थॉथ-अमॉन. अमेरिकेत निघालेल्या 'कॉनन' या चित्रकथांच्या मालिकेतला हा मोठा खलपुरुष. मस्तकावर मेंढ्याची शिंगे असलेले शिरोभूषण, बोटात सापाची अंगठी, आणि मंत्र पुटपुटला की अंधारातून काहीतरी चालत येणार, अशी त्याची ख्याती.

तुम्ही म्हणाल, कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला दुसरा विषय सुचला नाही काय? त्याचे असे झाले. गेल्या दिवाळीत माझा भाचा घरी आला होता. इयत्ता सातवी. कोणाकडून तरी त्याने ही चित्रकथा वाचायला आणली होती. दिवसभर पुस्तकातून डोके वर काढले नाही. पण रात्री परसात हात धुवायला एकटा जाईना. अंथरुणावर पडल्यावर हळूच म्हणाला, "मामा, असली माणसं खरंच असतात का हो?" मी 'नसतात' म्हणून मोकळा होणार होतो, पण शब्द ओठांवरच अडला. का अडला ते शेवटी सांगेन. आधी गोष्ट ऐका.

ही गोष्ट मुळात चित्रांची नव्हे, शब्दांची. रॉबर्ट हॉवर्ड नावाचा एक तरुण लेखक अमेरिकेत टेक्सास प्रांतातल्या क्रॉस प्लेन्स या लहानशा गावी राहत असे. १९०६ साली जन्मला, १९३६ साली गेला. उणेपुरे तीस वर्षांचे आयुष्य. 'वीअर्ड टेल्स' नावाच्या मासिकात तो अद्भुत कथा लिही. १९३२ च्या डिसेंबरमध्ये त्याची कॉननवरची पहिली कथा त्या मासिकात छापून आली. कॉनन हा रानटी टोळीतला मनगटाचा गडी. तलवारीच्या जोरावर तो ॲक्विलोनिया नावाच्या देशाचा राजा झालेला आहे. हा देश आणि त्याचा काळ दोन्ही कल्पनेतले. याच कथेत आपला थॉथ-अमॉन प्रथम भेटतो.

भेटतो, पण कोणत्या रूपात? सिंहासनावर नव्हे, गुलाम म्हणून! दक्षिणेकडच्या स्टिजिया देशाचा हा थोर मांत्रिक. एका चोराने त्याची सापाची अंगठी पळवली आणि याची सारी विद्या लुळी पडली. शत्रूंच्या भयाने तो उंटवाल्याचे सोंग घेऊन पळाला. वाटेत दरोडेखोरांनी तांडा कापून काढला. जीव वाचवण्यासाठी याने आपली खरी ओळख त्यांच्या नायकाला सांगितली आणि चाकरी पत्करली. हा नायक ॲस्कलान्ते मोठा धूर्त. त्याने मांत्रिकाचे सारे गुपित एका कागदावर लिहून, तो लखोटा बंद करून, दूर एका संन्याशाकडे ठेवून दिला. मला काही झाले तर हा लखोटा तुझ्या शत्रूंच्या हाती जाईल, अशी तंबीच दिली. तेव्हापासून हा जगाला भिववणारा मांत्रिक धन्याचे हुकूम झेलतो आहे.

ॲस्कलान्ते काही सरदारांना हाताशी धरून कॉननच्या खुनाचा कट रचतो. कटातला एक लठ्ठ, मंदबुद्धी सरदार मागे राहतो आणि मांत्रिक त्याला आपली कर्मकहाणी ऐकवतो. सरदाराचे लक्ष अर्धवटच. मध्येच तो म्हणतो, अंगठी म्हणालास? माझ्याकडेही एक आहे, एका चोराकडून विकत घेतलेली. आणि बाहेर काढतो. तांब्याचा साप, तीन वेटोळी, स्वतःचीच शेपूट तोंडात धरलेली, डोळ्यांच्या जागी पिवळे खडे. पुढे काय झाले हे सांगायला नकोच. सरदार जागच्या जागी ठार होतो, अंगठी धन्याच्या बोटात जाते, आणि मांत्रिक अंधारातून एका भयंकर प्राण्याला बोलावून वाटेला लावतो.

कोणाच्या वाटेला? इथे नीट लक्ष द्या. कॉननच्या नव्हे. तो सूड उगवायचा असतो ॲस्कलान्तेवर, ज्याने आपल्याला गुलाम केले त्याच्यावर. त्याच रात्री कटवाले कॉननच्या महालात शिरलेले असतात. तो प्राणी तिथे येतो, ॲस्कलान्तेचा जीव घेतो आणि मग समोर सापडलेल्या कॉननवर झेप घालतो. स्वप्नात एका फार पूर्वी मृत झालेल्या ऋषीने कॉननच्या तलवारीवर खूण कोरलेली असते. त्या मोडक्या तलवारीने कॉनन त्याला मारतो. राजा आणि मांत्रिक यांची गाठ काही पडत नाही. हॉवर्डच्या एकाही पुऱ्या कथेत हे दोघे समोरासमोर येत नाहीत. दोन-तीन ठिकाणी मांत्रिकाचे नुसते नाव तेवढे येते.

आपल्या आजीच्या गोष्टी आठवा. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडे, पिंजऱ्यातल्या पोपटात असे. पोपटाची मान मुरगळली की राक्षस खलास. हॉवर्डचा मांत्रिक याच कुळातला. अंगठी आहे तोवर त्याला तिन्ही त्रिकाळ दिसतात. अंगठी गेली की तो तुमच्याआमच्यापेक्षाही दुबळा. म्हणजे ताकद त्या माणसात नाहीच, ती बाहेर कुठेतरी ठेवलेली आहे. हॉवर्डने १९३४ साली आपल्या आधुनिक काळातली एक वेगळी कथा लिहिली, तिच्यात ही अंगठी पुन्हा येते. मालक कधीच मातीला मिळाला, अंगठी मात्र नव्या बोटात शिरून तोच उद्योग करते आहे!

आणखी एक गंमत सांगतो. ही कथा हॉवर्डने आधी दुसऱ्याच एका राजावर लिहिली होती. कल नावाच्या. तोच कट, तोच रात्रीचा हल्ला, तोच एकटा लढणारा राजा. पण तिच्यात मांत्रिक नव्हता! ती कथा तेव्हा छापली गेली नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर १९६७ साली ती पुस्तकात आली. अद्भुत आणि भयकथांच्या मासिकासाठी ती पुन्हा लिहिताना हॉवर्डने राजा बदलला आणि मांत्रिक व त्याचा प्राणी आत घातला. याचा अर्थ असा की कट रचायला, खून करायला, राज्य उलथायला मांत्रिकाची गरज लागत नाही. ती सारी कामे माणसे आपापल्या लोभानेच करतात. मांत्रिक वरून घातलेला मसाला आहे.

मग एवढ्याशा मांत्रिकाचा कॉननचा हाडवैरी कसा झाला? तो पुढच्या लोकांनी केला. हॉवर्डनंतर इतर लेखकांनी कॉननच्या नव्या कथा लिहिल्या, त्यांत थॉथ-अमॉनला वरची जागा दिली. मग १९७० साली मार्व्हल कंपनीने 'कॉनन' चित्रकथांची मालिका सुरू केली; लेखक रॉय थॉमस, चित्रकार बॅरी स्मिथ. ही मालिका १९९३ पर्यंत चालली आणि तिचे २७५ अंक निघाले. आता विचार करा, अंकामागून अंक काढायचा म्हणजे अंकागणिक नवा शत्रू कुठून आणणार? एकदा मेला की संपला, असा शत्रू परवडत नाही. हरला तरी परत येईल, दिसला नाही तरी त्याचा हात असेल असे वाटत राहील, असा कोणीतरी हवा. मांत्रिक या कामी फार सोयीचा! पाऊस पडला नाही, मांत्रिकाने केले. सैन्य हरले, मांत्रिकाने केले. अंकाचे शेवटचे पान भरायचे आहे, मांत्रिकाची सावली काढा.

आता त्याच्या नावाकडे वळू. थॉथ आणि अमॉन ही प्राचीन इजिप्तमधल्या दोन देवांची नावे. थॉथ हा लेखनाचा आणि विद्येचा देव. आपल्याकडे शाळेत सरस्वतीची तसबीर असते, तसा तिकडे लेखनिकांना तो पूज्य. अमॉन हा थीब्ज नगरीचा थोर देव, मेंढा त्याचा पवित्र प्राणी. चित्रातली ती शिंगे बहुधा तिथूनच आली असावीत. हा मांत्रिक ज्याला भजतो त्या देवाचे नाव सेट. हॉवर्डने सेटला साप केले. इजिप्तच्या पुराणात सेट भावाचा घात करणारा आहे खरा, पण सूर्याच्या नौकेवर चाल करून येणाऱ्या महासर्पाशी भाला घेऊन लढणाराही तोच! म्हणजे जो सापाशी लढला, त्यालाच साप करून टाकले.

हॉवर्ड काही इतिहास शिकवत नव्हता, तो गोष्ट सांगत होता. त्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण खोड सगळीकडची सारखीच आहे. दुष्ट मांत्रिक नेहमी दुसऱ्याच्या गावचा असतो. त्याचा देव परका, बोली परकी. आपण नाही का 'बंगाली जादू' म्हणत? ज्याची माहिती कमी, त्याच्याविषयी भय जास्त.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो.

मी लहान असताना आमच्या आळीत एक म्हातारी राहायची. एकटी. नवरा नाही, मूल नाही. एके वर्षी आळीतली दोन लेकरे तापाने गेली. कोणीतरी म्हणाले, म्हातारीची नजर वाईट. कोण म्हणाले ते आजतागायत कोणाला सांगता येणार नाही. तेवढे पुरले. बाया तिच्याकडून विस्तव नेईनात, पाणवठ्यावर ती आली की घागरी बाजूला सरू लागल्या. आम्ही पोरे तिच्या दारावरून मूठ वळून, श्वास रोखून धावत जायचो. मीही धावलो आहे. एकदा तिने मला हाक मारली होती, बहुधा पोस्टकार्ड वाचून घ्यायला. तिच्या हातात कार्ड होते. मी पळालो. पुढे ती गाव सोडून कुठे गेली, कळले नाही. त्या कार्डात काय होते, तेही कळले नाही.

तिच्या बोटात अंगठी नव्हती हो. तिला जी ताकद होती ती आम्ही दिलेली होती, आणि तिच्या कामी ती कधीच आली नाही.

म्हणून त्या रात्री माझा शब्द अडला. मंत्राने माणूस मारणारा कोणी नसतो, हे तर खरेच. पण मंत्राच्या भयाने माणूस मरतो, उठवला जातो, वाळीत पडतो, हेही तितकेच खरे. आपल्या राज्याने २०१३ साली जादूटोणा प्रतिबंधक कायदा केला. अमका करणी करतो, अमकी चेटूक करते असे सांगून कोणाचे जगणे नकोसे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. आमच्या म्हातारीच्या वेळी तो कायदा नव्हता. पण खरे सांगायचे तर, कार्ड वाचून दाखवायला मला कायद्याची गरज नव्हती.

मी भाच्याला म्हटले, "असली माणसं गोष्टीत असतात बाळ. गावात असतात ती त्यांना भिणारी." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण मामा, अंगठी नसताना तो बिचाराच होता की." मला फार बरे वाटले. पोराने गोष्ट माझ्यापेक्षा नीट वाचली होती.

ऐकत असलेल्या शिक्षक-बंधुभगिनींना एकच विनंती. मुलाच्या दप्तरात असले पुस्तक सापडले तर हिसकावून घेऊ नका. अद्भुताची गोडी ही मुलांची भूकच आहे. आपणही वेताळाच्या गोष्टींवरच वाढलो. पुस्तक त्याच्याच हाती राहू द्या आणि शेजारी बसून विचारा: बाळ, या मांत्रिकाची ताकद नेमकी आहे कशात? ती त्याला दिली कोणी? आणि ती काढून घेतली तर मागे कोण उरतो? उत्तर त्याला शोधू द्या. ज्या मुलाला कागदावरच्या मांत्रिकाच्या बोटातली अंगठी काढता आली, तो उद्या कोणा म्हातारीच्या दारावरून पळणार नाही. तिने हाक मारली तर थांबेल, आणि तिचे पत्र वाचून देईल.