दुसरा मोजा कुठाय?
(1982 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुम्ही नाताळात चर्चमध्ये मोजे शिवून वाटता ना, त्याबद्दल पाच-सात मिनिटं बोल." ज्यांनी मला आठवीत शिवणाच्या तासाला पाहिलंय, त्यांना हे ऐकूनच हसू आलं असेल. माझा धावदोरा कधी सरळ गेला नाही. आपल्या शिवणाच्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून मी जपून बोलणार आहे.

आधी हे मोज्याचं काय प्रकरण आहे ते सांगते. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, मायरा नावाच्या गावी निकोलस नावाचे बिशप होते. त्यांची एक दंतकथा आहे. एका गरीब बापाला तीन मुली, आणि हुंड्याला पैसा नाही. निकोलसनी रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोनं टाकलं आणि ते वाळत घातलेल्या मोज्यांत पडलं. नाताळबाबाची गोष्ट तिथून सुरू झाली. हुंडा म्हटलं की आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सात वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या आम्ही अकराजणींनी ठरवलं, की नाताळाला बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांसाठी असे मोजे शिवायचे. आत चिक्की, पेन्सिली, खोडरबर, कंगवा घालायचा. शिंप्यांकडून कतरणी मागून आणल्या, रविवार पेठेतून लाल कॉरडरॉय घेतलं, बोहरी आळीतून लेस आणली. चौदा इंच उंचीचा मोजा. 44 इंच पन्ह्याच्या एका मीटरमध्ये चार बसतात, नीट मांडणी केली तर पाच.

कापायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. वर्तमानपत्राचा नमुना ठेवला, खडूनं आखलं आणि चाळीस तुकडे कापले. जोडायला बसलो तर एकही जोडी जुळेना! सगळ्या मोज्यांची बोटं एकाच दिशेला. कॉरडरॉयला सुलट-उलट बाजू असते. दुसरा तुकडा कापताना नमुना पालथा घालायला हवा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चार मीटर कापड माझ्यामुळे अडलं.

तेव्हा मला आठवली माझी बाकावरची मैत्रीण. ती सदाशिव पेठेत राहते, ब्लाउज शिवते. फोन केला तर म्हणाली, "येते. पण तुमच्या चर्चमध्ये मी चालेन का गं?" मी म्हटलं, "अगं, ये तर!" ती आली, तुकडे पाहिले आणि म्हणाली, "रडतेस काय? मागची बाजू साध्या सुती कापडाची लाव." तिनं तेवढे तुकडे जुन्या चादरीतून कापून दिले. सुलट बाजू आत ठेवून टीप मारायची, टाचेच्या वळणावर कात्रीनं बारीक छेद द्यायचे, म्हणजे उलटवल्यावर चुण्या पडत नाहीत, हेही तिनंच शिकवलं.

चार वाजता चहा आला. कप हातात घेऊन ती हसली आणि म्हणाली, "पंचहौद!" 1890 साली पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळी गेली होती. तिथल्या चहावरून पुण्यात केवढं वादळ उठलं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत कसं गेलं, हे आपल्याला इतिहासाच्या तासाला सांगितलं होतं. त्याच पुण्यात आम्ही दोघी एका ताटलीतली करंजी खात बसलो होतो. तेव्हापासून दर ऑक्टोबरला, शनिवारी दुपारी, ती येते.

त्या वर्षी आम्ही साठ मोजे वाटले. मुलं खूश झाली, आम्हीही खूश. निघताना पाच-सहा वर्षांची एक मुलगी लंगडी घालत माझ्यामागे आली. तिनं चिक्की काढून घेतली होती आणि तो भलामोठा मोजा एका पायात चढवला होता. दुसरा पाय अनवाणी. डिसेंबरची सकाळ, खाली गार वाळू. तिनं विचारलं, "मावशी, दुसरा मोजा कुठाय?"

मला उत्तर देता आलं नाही. साठ मोज्यांत आम्ही लेस लावली, घुंगरू लावले, पण मोजा पायात घालायचा असतो हे अकराजणींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

जानेवारीत आमच्यात वाद झाला. एक म्हणाली, हे शिवणं बंद करू, सरळ स्वेटर विकत देऊ. दुसरी म्हणाली, मुलांना गंमत नको का? दोघींचंही खरं होतं. शेवटी मैत्रिणीनंच तोडगा काढला: "मोज्यात मोजे घाला की!" तेव्हापासून प्रत्येक शिवलेल्या मोज्यात लोकरी मोज्यांची एक जोडी असते. आधी मुलांच्या पावलांची मापं सुतळीनं घेऊन येतो. गेल्या नाताळात दीडशे जोड्या दिल्या. आमच्या हातून काही फार मोठं होतं असं नाही. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनात शेकडो मुलींना शिवण, विणकाम, छपाई शिकवून पायावर उभं केलं. आम्ही नुसते पाय झाकतो. पण तेवढं तरी आता नीट करतो.

आता एक राहिलेली गोष्ट, जी सांगायला मी खरं तर उभी राहिले. बाई, आठवीच्या परीक्षेला मी दिलेला काज-बटणाचा नमुना माझा नव्हता. माझा रात्री बिघडला होता. बाकावरच्या मैत्रिणीनं दोन केले होते, त्यातला चांगला तिनं मला दिला. तुम्ही तो वर्गाला दाखवलात, मला दहापैकी नऊ दिलेत, आणि तिला सहा देऊन म्हणालात, "शेजारणीकडून शीक जरा." ती गप्प बसली. मीही गप्प बसले, चाळीसहून जास्त वर्षं. एवढ्या शनिवारांत तिनं एकदाही तो विषय काढला नाही.

ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मान हलवून मला "पुरे" म्हणतेय. बाई, ते नऊ गुण तिचे आहेत. जमलं तर आज बदलून द्या.

आणि तुम्हा सगळ्यांना सांगते, ऑक्टोबरपासून शनिवारी दुपारी या. शिवता येत नसेल तरी चालेल. चिक्की भरायला, सुतळी कापायला माणसं लागतात. चहा असतोच. फक्त कापायचं काम मला सांगू नका.