वेदनेचे द्वार : डॉ. पॅट्रिक वॉल यांचे संशोधन
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जैन परंपरेला वेदनेचा विचार नवा नाही. आठ कर्मांमध्ये वेदनीय कर्माला स्वतंत्र स्थान असून साता व असाता असे त्याचे दोन भेद सांगितले आहेत. जीवाला वेदना का भोगावी लागते, याचा विचार कर्मसिद्धांत करतो. ती शरीरात कशी उत्पन्न होते, याचा शोध ज्यांनी जन्मभर घेतला, त्या शास्त्रज्ञांमध्ये डॉ. पॅट्रिक वॉल यांचे नाव अग्रगण्य आहे.

वॉल यांचा जन्म १९२५ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. ऑक्सफर्डला वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले. तेथे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये त्यांची रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाशी गाठ पडली. त्या काळी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांच्या सतराव्या शतकातील कल्पनेचा पगडा कायम होता. दोरी ओढली की घंटा वाजावी, तशी जखम झाली की मेंदूत वेदना उमटते. जखम जेवढी, तेवढी वेदना, असे मानले जाई. परंतु अनुभव वेगळा होता. दुसऱ्या महायुद्धात गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी बहुतेक जण वेदनाशामक औषध मागत नाहीत, असे डॉ. हेन्री बीचर यांनी १९४६ साली नोंदवले होते. उलट, कापून टाकलेला पाय वर्षानुवर्षे दुखतो, असे सांगणारे रुग्णही होते.

या कोड्याचे उत्तर वॉल आणि मेलझॅक यांनी १९६५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. मज्जारज्जूमध्ये जणू एक द्वार आहे. वेदनेचे संदेश आणणारे बारीक तंतू ते उघडतात, स्पर्शाचे संदेश आणणारे जाड तंतू ते मिटतात. आणि मेंदूही वरून त्यावर नियंत्रण ठेवतो. मूल पडले की आई त्याचा गुडघा चोळते आणि रडे थांबते, त्यामागील एक कारण हेच. भय, एकाग्रता किंवा आश्वासन यांनी वेदना कमी-अधिक का होते, याचाही उलगडा झाला. सिद्धांताचे काही तपशील पुढे बदलले. मूळ विचार मात्र टिकला.

त्यातून उपचारही निघाले. वॉल आणि डॉ. विल्यम स्वीट यांनी मज्जातंतूंना सौम्य विद्युत्प्रवाह देण्याचा प्रयोग प्रथम स्वतःच्या चेहऱ्यावरील मज्जातंतूंवर केला आणि १९६७ साली रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज फिजिओथेरपिस्ट वापरतात ते ‘टेन्स’ यंत्र याच वाटेने आले. त्याच वर्षी वॉल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आले. तेथे त्यांचे सहकारी डॉ. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली दाखवून दिले की, इजेनंतर मज्जारज्जूच अतिसंवेदनशील बनतो. म्हणूनच कधीकधी साधा स्पर्शही असह्य होतो. रुग्ण ढोंग करीत नाही, याचा हा शास्त्रीय पुरावाच होय.

अहिंसेच्या उपासकांनी येथे एक प्रश्न टाळता कामा नये. या ज्ञानाचा मोठा भाग मुक्या प्राण्यांवरील प्रयोगांतून आला आहे. ही हिंसा नव्हे, असे म्हणता येणार नाही. वॉल यांनी १९७५ साली सुरू केलेल्या ‘पेन’ या नियतकालिकात १९८३ साली वेदना-संशोधकांसाठी नियम प्रसिद्ध झाले. प्राण्यांची संख्या व त्यांची वेदना कमीत कमी असावी आणि शक्य असेल तेथे संशोधकाने तो आघात आधी स्वतःवर करून पाहावा, असे त्यांत सांगितले आहे. हिंसेचा प्रश्न त्याने सुटत नाही. पण दुसऱ्या जीवाची वेदना आपल्यासारखीच आहे, याची ती कबुली आहे.

वॉल यांना अखेरीस कर्करोग झाला. आजारपणातही त्यांचे लेखन चालू राहिले. वेदनेवरील त्यांचे सामान्य वाचकांसाठीचे पुस्तक १९९९ साली आले, आणि २००१ साली त्यांचे निधन झाले.

या जीवनकार्यातून समाजाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. साधक स्वेच्छेने परीषह सहन करतो, ते तप होय. परंतु अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला ‘तुमचे कर्म आहे, सहन करा’ असे सांगणे हे सांगणाऱ्याचे तप नव्हे. सांगणाऱ्याच्या वाट्याचे तप वैयावृत्त्य, म्हणजेच सेवा, हे आहे. शास्त्रकारांनी त्याची गणना सहा आभ्यंतर तपांत केली आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले, तेव्हा कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांच्या अशा सेवेला भारतात संस्थेचे रूप मिळाले. मॉर्फिनसारखी आवश्यक औषधे रुग्णांना सुलभतेने मिळावीत, म्हणून २०१४ साली कायद्यातही सुधारणा झाली.

घरातील आजी ‘दुखतंय’ म्हणाल्या, तर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा, डॉक्टरांना वेळीच दाखवावे आणि जवळ बसून हात हातात घ्यावा. त्या स्पर्शाने वेदनेचे द्वार थोडे तरी मिटते, हे आता विज्ञानानेही सांगितले आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने एवढा संकल्प केला, तरी अनुकंपेचे व्रत कृतीत उतरेल.

जय जिनेंद्र!